मोजणीतली वात

“सुटली! ताई, मागनं सुटली!”

रेडिओवर दौलतचा आवाज आला आणि पाठोपाठ टायरांची किंचाळी. धावपट्टीच्या पार टोकाला आमची गडद लाल गाडी, शलाका, एका अंगाला वळली, सावरली, दुसऱ्या अंगाला वळली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. माझ्या बोटांत अर्धी वळलेली वात होती. ती तशीच राहिली.

बापूसाहेबांनी जीप तिकडे अशी हाणली की मांडीवरचा वातींचा डबा दोनदा उडाला. पोचलो तेव्हा शलाका गवतात उभी होती, तोंड आमच्याकडे करून. म्हणजे पुरती उलटी फिरून.

“लागलं काय रे?” बापूसाहेब उतरतानाच ओरडले.

“मला न्हाई. गाडीला बी न्हाई.” दौलत शिंदे हेल्मेट काखेत धरून उभा होता. “दोनशे साठपर्यंत लोण्यावाणी गेली बघा. ब्रेक दाबला, आन् मागची चाकं जमिनीवर हैत का न्हाईत, तेच कळंना.”

“गेल्या महिन्यात तर सरळ थांबत होती!”

“थांबत हुती. आज थांबंना.”

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

बघणारच. बापूसाहेब मान्यांची गोकुळ शिरगावात फौंड्री. तिथं दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग ओतता ओतता त्यांच्या मनात आलं की एकदा सबंध गाडीच आपली करावी, आणि तीही साधी नव्हे. इंजिन त्यांनी स्वतःच्या भट्टीत ओतलं, चालकाच्या पाठीमागे बसवलं. आठ सिलिंडरांचं ते इंजिन सुरू झालं की शेडचे पत्रे वाजायचे. अंग कार्बनच्या कापडाचं, इतकं हलकं की चौघांनी मिळून उचलावं. दौलत गाडी चालवून बघायचा. आणि माझं काम वाऱ्याचं. इतक्या वेगात वारा गाडीला उचलायला बघतो. तोच वारा तिला जमिनीवर दाबून धरील असा आकार द्यायचा. पोटाखालून वारा काढून देणारे पन्हाळ माझे, शेपटावरचा तो आखूड पंखही माझाच.

बापूसाहेबांनी एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगितली होती. “नुसती पळणारी गाडी कोण बी करंल. आपली गाडी तीनशेनं पळणार, आणि तश्शीच, एक स्क्रू न बदलता, नंबरप्लेट लावून रस्त्यानं घरी जाणार. हॉर्न, वायपर, आरसे, सगळं असणार. रंकाळ्याचा गतिरोधक पोट न घासता ओलांडणार.” त्या एका वाक्यासाठी आम्ही सहा वर्षं घातली होती. आणि आज दुपारी मुंबईहून नेव्हिल परेरा येणार होते. गाड्या चालवून त्यांच्याविषयी लिहिणारा माणूस. त्यांच्या चार ओळींवर देशातले लोक गाडी घेत नाहीतर सोडत. ते इथं, सीमेजवळच्या या जुन्या धावपट्टीवर शलाका पळवणार आणि तिच्यातूनच कोल्हापूरला जाणार, असं ठरलं होतं.

“उंचीच नडली,” बापूसाहेब म्हणाले. “कागदपत्रांसाठी बोटभर उचलली तेव्हाच मला शंका आलेली.”

“उंचीनं एवढं होणार नाही,” मी म्हणाले.

“दौलत, हँगरमधली ती पेटी उघड. बाहेरून मागवलेला मोठा पंख लावू. आज गाडी सरळ थांबली पाहिजे, बास.”

“तो पंख गाडीच्या अंगाबाहेर येतो,” मी म्हणाले. “रस्त्यावर चालणार नाही.”

“ट्रेलरवरनं नेऊ मग घरी!”

माझा आवाज मुळात लहान. बैठकीत माझं वाक्य संपेपर्यंत दुसऱ्याचं सुरू झालेलं असायचं, आणि दोन वेळा सांगायची मला सवय झाली होती. मी दुसऱ्यांदा सांगितलं, “बापूसाहेब, ट्रेलरवरून गेली तर ती शलाका नाही.”

ते थांबले. कपाळावरचा घाम पुसला. “मग काय करायचं, शरयूताई? परेराच्या हातात ही अशी गाडी देऊ? माणूस मरंल.”

“नाही द्यायची. मला फक्त वारा बघू द्या. ते येईपर्यंत.”

“वारा बघणार कसा? लोकर आणलीय?”

लोकर कारखान्यात राहिली होती. गाडीच्या अंगावर लोकरीचे तुकडे एका टोकाला चिकटवायचे, गाडी पळवायची आणि तुकडे कसे उडतात ते शेजारून बघायचं, ही आमची पद्धत. वारा नीट वाहत असेल तिथं तुकडा मागे सरळ झोपतो. वारा फाटला असेल तिथं तो भिरभिरतो. गेल्या वर्षी हे सगळं करून झालं होतं, म्हणून या खेपेला लोकर कुणी घेतलीच नाही. कारखाना दोन तास लांब. आसपास दुकान सोडा, वस्तीसुद्धा नव्हती.

दौलत माझ्या हाताकडे बघत होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “त्या... चालतील काय?”

मला कळलं आणि मी वातींचा डबा जवळ ओढला. चातुर्मास होता. मी लक्षवातींचा नेम धरला होता. रोजच्या ठरलेल्या वाती वळून झाल्याशिवाय जेवायचं नाही, आणि लाख पुऱ्या झाल्या की देवापुढं एकदम लावायच्या. जीपमध्ये, कँटीनमध्ये, धावपट्टीच्या कडेला, जिथं असेन तिथं वळायची. फौंड्रीत सगळ्यांना सवय झाली होती. “ताईंच्या वाती झाल्या काय? मग जेवण लावा,” असं चालायचं. लांब वाती, पांढऱ्याशुभ्र. गडद लाल रंगावर जीपमधूनही दिसल्या असत्या.

पण त्या देवाच्या होत्या. संकल्प करून वळलेल्या.

मी बाजूला जाऊन घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

“आई, एक विचारायचंय. आज वळलेल्या वाती गाडीला चिकटवल्या तर चालतील का?”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

“कशाला?”

“वारा बघायला. गाडी मागून सुटतेय. आताच दौलत गरकन फिरला.”

“लागलं का त्याला?”

“नाही.”

“परत चालवणार आहे तो?”

“हो.”

“मग मला काय विचारत बसलीस? लाव की. फक्त मोजणीत धरू नकोस. परत वळायच्या.” आणि मग, “म्हणजे जेवण लांबलं तुझं. सकाळी दूध तरी घेतलंस का?”

“घेतलं.”

“खोटं बोलू नकोस नेम धरून.” फोन ठेवला.

पुढचा अर्धा तास आम्ही तिघं कागदी चिकटपट्टीचे तुकडे फाडत होतो. छतावर, इंजिनच्या झाकणावर, दोन्ही खांद्यांवर, शेपटावरच्या पंखाला वरून आणि खालून. गाडी पांढऱ्या वातींनी भरली.

“मुंडावळ्या बांधल्यावाणी दिसतीया,” दौलत म्हणाला. “आता नवरा शोधा, बापूसाहेब.”

“गाडीत बस, नवरदेवा,” बापूसाहेब म्हणाले.

दौलतनं शलाका धावपट्टीवर आणली. जीपचा वेग शलाकाच्या मानानं चालण्याइतकाच, पण वाती बघायला तेवढा पुरे. बापूसाहेब जीप चालवत होते, मी मागच्या बाकावर गुडघ्यांवर बसून दांडी धरली होती. शलाका आमच्या शेजारी आली. छतावरच्या वाती सरळ. इंजिनच्या झाकणावरच्या सरळ. खांद्यावरच्या, दारापासून मागं, वेड्यासारख्या गोल फिरत होत्या. आणि पंखाच्या दोन्ही टोकांवरच्या वाती पुढं, गाडीच्या तोंडाकडं वळल्या होत्या. वारा तिथं उलटा वाहत होता.

मी नजर खांद्यावरून पुढं पुढं नेली. भिरभिरणाऱ्या वातींच्या रांगेच्या सुरुवातीला काय आहे ते बघितलं.

आरसा होता.

“बापूसाहेब!” वाऱ्यात माझा आवाज माझ्याच तोंडाशी राहिला. मी पुढं वाकून त्यांच्या खांद्यावर बुक्की मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी वडीलधाऱ्या माणसाला मारलं. “थांबवा!”

गेल्या वर्षी लोकर लावून बघितलं तेव्हा गाडीला आरसे नव्हते. गेल्या महिन्यातही नव्हते. कागदपत्रांच्या वेळी नियमात बसतील असे दोन आरसे आणून दारावर बसवले, आणि बसवल्यावर ते आमच्यापैकी कुणाला दिसेनासेच झाले. आरसा काय, सगळ्याच गाड्यांना असतो. पंचगंगेच्या पुलाच्या खांबामागं पाणी जसं भोवरे घालतं, तसा त्या आरशांमागं वारा भोवरे घालत खांद्यावरून थेट पंखाच्या टोकांवर जात होता. ब्रेक दाबला की तोच पंख उभा राहून गाडीला मागून दाबतो. आता तो दाबणार तरी कशानं? त्याच्यावर धड वारा पोचतच नव्हता.

दौलतनं आरसे दुमडून एक फेरी मारली. पंखावरच्या वाती गपगार झोपल्या.

“काढून टाका ते आरसे!” बापूसाहेब हर्षानं ओरडले.

मी नंबरप्लेटकडे बोट दाखवलं.

“बरं, बरं,” ते म्हणाले. “न्हाई काढत. बोला पुढं.”

“आरसा दारापासून जरा लांब आणि वर हवा. म्हणजे भोवरे पंखाच्या डोक्यावरून जातील. आणि त्याची दांडी जाड आहे, ती पातळ पट्टीची करू, माशाच्या अंगासारखी निमुळती.”

“किती वर?”

“चार बोटं. दौलतला मागचं सगळं दिसलं पाहिजे, नाहीतर नियमात बसणार नाही.”

“पत्रा कुठनं आणू इथं?”

तिघांनीही इकडं तिकडं बघितलं. धावपट्टीच्या कडेला ॲल्युमिनियमची जुनी पाटी उभी होती: ‘येथे गुरे चारू नयेत’. पाटीखाली एक म्हैस चरत होती.

“देवी पावली,” बापूसाहेब म्हणाले आणि हातकरवत घेऊन निघाले.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मालक म्हणून नाही, कारागीर म्हणून बघितलं. सोन्याची साखळी शर्टात खोचून, मांडी घालून ते हँगरच्या फरशीवर बसले. मी खडूनं आकार काढून द्यायचा, त्यांनी कापायचा, कानस मारायची, दुमडायचा, मी बोट फिरवून म्हणायचं, “इथं अजून.” तेही कुरकुर न करता अजून घासायचे. दोन दांड्या तयार झाल्या. आरसे चढले. दौलत आत बसून मागं उभ्या जीपकडं बघत म्हणाला, “जीप दिसतीया, हँगर दिसतंय, म्हस बी दिसतीया.”

परत वाती लावल्या, परत शेजारून फेरी मारली. छत, खांदे, पंख. सगळ्या वाती सरळ मागे, विंचरलेल्या केसांसारख्या.

पण शेजारून बघणं म्हणजे जीपच्या वेगानं बघणं. दोनशे साठला काय होतं, ते जीपमधून दिसत नव्हतं. आम्ही वाती काढल्या, चिकटपट्ट्या खरवडल्या. तेवढ्यात फाटकातून एक पांढरी गाडी आत आली. परेरा आले होते.

दौलत हेल्मेट घालायचा थांबला.

“ताई, तुम्ही सांगा. जाऊ?”

सकाळी तो एकदा गरकन फिरला होता. घरी त्याची बायको होती. त्यानं बापूसाहेबांना नाही, मला विचारलं होतं. आणि माझ्याजवळ सांगायला होतं काय, तर कापसाच्या वाती आणि गुरांची पाटी.

“दुसरं हेल्मेट आहे ना?” मी विचारलं.

“हाय की.”

“मग मी शेजारी बसते.”

“शरयूताई!” बापूसाहेबांचा आवाज चिरकला. “हे न्हाई चालायचं. तुमच्या सासूबाईंना मी काय तोंड दाखवू?”

“त्यांनीच वाती लावू दिल्यात,” मी म्हणाले. या वेळी एकदाच सांगितलं, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

सहा वर्षं त्या गाडीचा वारा मी मोजला होता. तिच्यात बसून कधी पळाले नव्हते. पदर कमरेला गच्च खोचला, वरून पट्टे आवळले. दार खाली आलं. पाठीमागं आठ सिलिंडर एकदम जागे झाले आणि तो आवाज कानातून नव्हे, पाठीच्या कण्यातून वर आला.

“धरून बसा,” दौलत म्हणाला.

मी मनात देवीचं नाव घेतलं. नाव पुरं व्हायच्या आत शंभर उलटून गेले होते. छातीवर कुणी हात ठेवून मागं रेटावं तशी मी गादीत रुतले. दौलतनं गिअर बदलला की मान हलायची आणि परत तोच रेटा, कमी न होणारा. दोनशे. कडेचं गवत एक हिरवी पट्टी झालं. दोनशे साठ. मग एक नवल झालं, जे मी कागदावर कितीदा लिहिलं होतं आणि अंगावर कधी घेतलं नव्हतं. गाडी जड झाली. वाऱ्यानं तिला वरून धरलं, कुणी मायेनं खांदे दाबून खाली बसवावं तसं. सुकाणूची थरथर थांबली. काचेवर आकडा चढत होता: दोनशे नव्वद, तीनशे, तीनशे चार.

“ब्रेक!” दौलत ओरडला.

पट्टे छातीत रुतले. पाठीमागं पंख उभा राहिल्याचा ठोका मला ऐकू आला. डोळे मिटायचे नाहीत असं मी ठरवलं होतं, आणि मिटले नाहीत. धावपट्टीची मधली पांढरी रेघ आमच्या बरोबर मधे होती. मधेच राहिली. गाडी थांबली तेव्हाही ती मधेच होती.

दौलतनं सुकाणूवरचे दोन्ही हात काढून हवेत धरले. “सोडलं हुतं, ताई! शेवटाला म्या सुकाणूच सोडलं हुतं!”

“दौलत!”

“तुमी बसलाय म्हटल्यावर भ्यायचं कशाला?”

परत आलो तेव्हा बापूसाहेब दोन्ही हातांनी डोळे पुसत होते आणि परेरांना सांगत होते की धूळ फार आहे इथं. परेरा उंच, पांढऱ्या मिश्यांचे, फार न बोलणारे. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून पोट बघितलं, आरशाशी थांबले.

“मॅडम, हे आतल्या बाजूला ‘गुरे’ असं काय लिहिलंय?”

“मोठी गोष्ट आहे,” मी म्हणाले. “वाटेत सांगते.”

त्यांनी शलाका तीन वेळा पळवली. पहिल्यांदा जपून, दुसऱ्यांदा मनापासून. तिसऱ्यांदा मला वाटतं त्यांना चाचणीचा विसर पडला होता. उतरल्यावर एकच बोलले, “हिला खाली कुणी धरून ठेवलंय?” बापूसाहेबांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

मग आम्ही रस्त्यानं निघालो. परेरा चालवत होते, मी वाट दाखवत होते. तीच चाकं, तेच आरसे, मागं तीच नंबरप्लेट. तीनशेनं पळालेली गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागं शहाण्यासारखी चालत होती. गावातली मुलं धावत यायची, एसटीच्या खिडक्यांतून मोबाइल बाहेर यायचे. वाटेवरच्या प्रत्येक गतिरोधकापाशी परेरा बटण दाबायचे, शलाका नाक वर करायची आणि साडीच्या निऱ्या उचलून उंबरा ओलांडावा तशी पलीकडं उतरायची. रंकाळ्याच्या गतिरोधकावर तर मागच्या जीपमधून बापूसाहेबांनी हॉर्नचा असा धडाका लावला की भेळवाले उठून उभे राहिले. पोट घासलं नाही.

“आणि तुम्हाला कुठं सोडू?” परेरांनी विचारलं.

आमची गल्ली अरुंद. पण आरसे दुमडावे लागले नाहीत. सासूबाई दारातच होत्या, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. दौलतनं आधीच फोन केलेला दिसला. त्यांनी गाडीवरून तुकडा ओवाळून टाकला, चाकांवर पाणी घातलं, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

“तू पण बसली होतीस म्हणे.”

“हो, आई.”

त्या चष्मा वर करून गाडीभोवती फिरायला लागल्या. कुठलीही नवी वस्तू त्या मागून पुढून बघितल्याशिवाय सोडत नाहीत. शेपटापाशी वाकल्या आणि पंखाच्या खाली हात घातला.

“ही काय राहिलीय?”

पंखाच्या उजव्या टोकाला, खालच्या बाजूनं, एक वात चिकटून होती. काढताना आमच्या नजरेतून निसटलेली. मी हात लावून बघितलं. सरळ मागं झोपली होती. जिथं सकाळी वाती उलट्या वळत होत्या, नेमक्या त्या जागी.

“ही सगळा वेळ इथंच होती?” परेरा खाली बसून बघत म्हणाले. “माझ्या तिन्ही फेऱ्यांना?”

“त्याच्या आधीच्याही एका फेरीला,” मी म्हणाले.

सासूबाईंनी नखानं चिकटपट्टी सोडवली, वात उजेडात धरली. चिमटीत फिरवून बघितली. एकही धागा सुटला नव्हता.

“किती पळाली म्हणे गाडी?”

“तीनशे चार.”

त्यांनी वात माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

“ही मोजणीत धर,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या वळ चटकन. भात निवतोय. आणि या पाहुण्यांना आत बोलाव की, दारात काय उभं केलंयस?”

परेरा बूट काढून आत आले, पाटावर बसले, आणि मी कापूस पिंजायला घेतल्यावर थोडा वेळ नुसते बघत राहिले.

“मॅडम, मी एक वळून बघू?”

“आधी हात धुवा,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. शलाकाच्या नंतर पुष्कळ गाड्या निघाल्या, आणि त्यांच्या आरशांच्या दांड्या आजही त्याच आकाराच्या असतात; फक्त आतून कोऱ्या. पण त्या दिवसाचं म्हणून मला आठवतं ते एवढंच. बाहेर गल्लीत सगळी पोरं गाडीभोवती जमलेली, निवत जाणाऱ्या इंजिनाची टिकटिक, आणि मी मांडीवर डबा घेऊन झाकण उघडलेलं.

डबा रिकामा नव्हता. एक झाली होती.